इमर्जन्सी दाबली, बॅटरी काढली, तरी रोबोटचा हात सुटला: शोध कुठून सुरू करावा

गेली नऊ वर्षं बडोद्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली मुलंमुली स्पर्धेचे रोबोट घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: "काका, इमर्जन्सी दाबलेली होती, तरी हात सुटला." माझी सगळी नोकरी एका रासायनिक कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात झाली. आता दांडिया बाजारातल्या घराच्या खालच्या खोलीत एक टेबल, एक व्हाइस आणि एक छोटा कॉम्प्रेसर आहे, आणि तिथे मी हा एकच दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. टीम बदलते, रोबोट बदलतो, दोष तोच राहतो. म्हणून तो एकदा नीट लिहून ठेवतोय.

दोषाचं मूळ असं की रोबोट बंद केला म्हणजे तो रिकामा झाला, असं मुलं धरून चालतात. इमर्जन्सीचं लाल बटण वीज तोडतं. टाकीतली हवा, ताणलेली स्प्रिंग, ओढलेलं रबर आणि वर उचललेला हात यांना विजेची गरज नसते. त्यांच्यात भरलेली ताकद बॅटरी काढल्यावरही तशीच बसून असते.

फेकायचं काम असलेल्या वर्षी हे जास्त घडतं. रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेत २०१७ साली टोकियोला चकत्या फेकायच्या होत्या, २०२२ साली दिल्लीत आपल्या लगोरीचे चेंडू, आणि २०२३ साली नोम पेन्हला कड्या. फेकणं आलं की मुलं सिलिंडर नाहीतर स्प्रिंगकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मोटरला इतक्या थोड्या वेळात तेवढी ताकद देता येत नाही. ती ताकद किती असते याचा अंदाज मात्र फारसा कुणी काढत नाही. ३२ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार दाबावर जवळजवळ ५० किलोच्या जोराने ढकलतो. २ लिटरची टाकी ६ बारला भरली की तिच्यातून एकदम सुटू शकणारी ऊर्जा सुमारे ९०० ज्यूल होते, म्हणजे ३० किलोचं पोतं ३ मीटरवरून खाली यावं तितकी. स्प्रिंगचं गणित आणखी फसवं आहे. ताण दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. "थोडीशीच जास्त ओढली, काका" हे वाक्य ऐकलं की मी आधी सगळ्यांना मागे उभं करतो.

लक्षणं

यातलं एकही दिसलं तर रोबोट सरावाला नेऊ नका:

- इमर्जन्सीचं बटण दाबल्या क्षणी हात झटका देतो, पुढे किंवा मागे.
- बॅटरी जोडल्याबरोबर, रिमोटला हात लावायच्या आधीच, फेकणारा हात सुटतो.
- टाकीचा कॉक बंद आहे, गेज शून्य दाखवतोय, तरी सिलिंडरचा दांडा हाताने ढकलला तर स्प्रिंगसारखा परत येतो.
- हवा पुन्हा भरल्यावर पहिला फटका नेहमीपेक्षा जोरात बसतो.
- हाताला अडकवून ठेवणारी लॉक पिन कधी सहज जाते, कधी ठोकावी लागते, कधी निघतच नाही.
- ताणून ठेवलेला हात रोबोट उचलताना किंवा टेबलावर आपटला की आपोआप सुटतो.

हात लावायच्या आधी

हात ज्या वाटेने फिरतो ती वाट जमिनीवर खडूने आखा. त्या पट्ट्यात कुणाचंही डोकं, हात किंवा मोबाइल जाता कामा नये. फोटो काढायला पुढे वाकणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला नाव घेऊन मागे घ्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे हवेत. तपासायला बोट वापरायचं नाही, हातभर लांब लाकडी काठी घ्यायची.

१. बॅटरी काढा आणि बघा

याला पैसे लागत नाहीत आणि अर्धा शोध इथेच लागतो. बॅटरीचा कनेक्टर काढून बाजूला ठेवा. रोबोटवर दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही काढा. आता टीममधल्या प्रत्येकाला विचारा: या क्षणी यातलं काय काय हलू शकतं? बोलता बोलता यादी होते: टाकी, दोन सिलिंडर, खाली पडू शकणारी लिफ्ट, ताणलेली रबराची नळी. मग काठीने एकेक भाग हलवून बघा.

बॅटरी नसतानाही हात जोराने सुटत असेल तर वायरिंगमध्ये वेळ घालवू नका, दोष हवेत किंवा ताणलेला हात अडवून धरणाऱ्या खटक्यात आहे. फक्त बॅटरी जोडतानाच सुटत असेल तर थेट पाचव्या तपासणीवर जा. मुलं बहुतेक वेळा उलटं करतात. आधी दोन रात्री कोड चाळतात आणि टाकीकडे तिसऱ्या दिवशी बघतात.

लिफ्ट असेल तर तिच्याखाली लाकडी ठोकळा ठेवा. वर्म गिअर असेल तर ती बहुधा थांबते. प्लॅनेटरी गिअर असेल तर वीज गेल्यावर वजनाने खाली येते.

२. गेज नक्की कुठला दाब दाखवतोय?

मागच्या वर्षी सेकंड इयरचा एक मुलगा माझ्याकडे आला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. त्याने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं: इमर्जन्सी दाबली, कॉक बंद केला, गेज शून्यावर आल्याचं पाहिलं. मग पट्टीचा स्क्रू सैल केला आणि सिलिंडर पुढे आला. गेज खोटं बोलला नव्हता. तो रेग्युलेटरवर, म्हणजे दाब ठरवणाऱ्या वॉल्व्हवर, बसवलेला होता आणि रेग्युलेटरपाशी खरोखरच शून्य दाब होता. हवा त्याच्या पुढे, सिलिंडर आणि वॉल्व्हच्या मधल्या नळीत कोंडलेली होती.

त्या टीमने पाच पोर्टचा (हवेच्या पाच तोंडांचा), तीन स्थितींचा आणि मधली स्थिती बंद असलेला वॉल्व्ह लावला होता. वीज गेली की असा वॉल्व्ह मध्ये येतो आणि सिलिंडरच्या दोन्ही बाजूंची हवा आतच धरून ठेवतो. हात अधांतरी थांबवायला तो सोयीचा असतो. पण टाकी रिकामी केली तरी सिलिंडर भरलेलाच राहतो. वाटेत एकदिशा वॉल्व्ह असला तरी तोच प्रकार होतो.

म्हणून टाकीपासून सिलिंडरपर्यंतची वाट कागदावर काढा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा: इथली हवा बाहेर कुठून जाणार? उत्तर नसलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि हाताने उघडायचा छोटा वॉल्व्ह बसवा. फेकणाऱ्या सिलिंडरजवळ स्वतंत्र गेज लावा. आणि दाब असताना पुश-इन फिटिंगमधून नळी उपटू नका. ती चाबकासारखी फिरते आणि नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असते.

३. कॉक कुठल्या जातीचा आहे?

ही तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जवळजवळ प्रत्येक रोबोटवर साधा बॉल वॉल्व्ह असतो, घरच्या पाण्याच्या नळावर असतो तसा. तो वाट बंद करतो, एवढंच. पुढची हवा पुढेच राहते.

इथे तीन पोर्टचा हँड स्लाइड वॉल्व्ह पाहिजे. बाहेरची कडी सरकवली की टाकीकडची वाट बंद होते आणि त्याच वेळी पुढची हवा बाजूच्या भोकातून बाहेर पडते. न्यूमॅटिकच्या दुकानात हेच नाव सांगा. मकरपुरा जीआयडीसीकडे मिळतो आणि टीमच्या खर्चात सहज बसतो. घेताना कुलूप लावायला भोक असलेलाच मागा. बसवताना बाणाची दिशा बघा, उलटा बसवला तर तो टाकी रिकामी करतो आणि सिलिंडर भरलेला ठेवतो.

बसवल्यावर कडी सरकवून कान द्या. फुस्स असा एकच मोठा आवाज येऊन थांबला पाहिजे. हवा कुरकुरत अर्धा मिनिट निघत राहिली तर त्या भोकावरचा आवाज दाबणारा सायलेन्सर चोंदलाय, तो काढून रॉकेलमध्ये धुवा. आवाजच आला नाही तर दुसऱ्या तपासणीचा कागद पुन्हा काढा.

आता कुलूप. कारखान्यात आम्ही मशीनमध्ये हात घालायच्या आधी स्विचवर स्वतःचं कुलूप लावायचो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचो. चार जण काम करत असतील तर चार कुलपं. अमेरिकेत ही पद्धत १९८९ साली नियम म्हणून लिहिली गेली, आणि त्यात साठलेली ऊर्जा काढून टाकणं आणि ती निघाल्याची खात्री करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. रोबोटसाठी एक छोटं पितळी कुलूप पुरतं. नियम एकच: ज्याचा हात आत, त्याच्या खिशात किल्ली. टीम कॅप्टनच्या खिशात नाही, टेबलावर नाही, कुलपाला लटकलेलीही नाही. बॅटरीचा कनेक्टरही त्याच माणसाजवळ राहील.

४. सोलेनॉइड वॉल्व्हला एक कॉइल आहे की दोन?

सोलेनॉइड वॉल्व्ह म्हणजे विजेच्या कॉइलने सरकणारा वॉल्व्ह. त्याच्या अंगावर छापलेलं चित्र बघा. एका टोकाला कॉइल आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग असेल तर तो एकेरी. दोन्ही टोकांना कॉइल असेल आणि स्प्रिंग नसेल तर दुहेरी. इमर्जन्सी दाबल्यावर दोघं वेगळे वागतात आणि मुलांची फसगत इथेच होते.

एकेरी वॉल्व्ह वीज गेली की स्प्रिंगने मूळ जागी परत येतो, आणि टाकीत हवा असेल तर सिलिंडरही त्याच्याबरोबर हलतो. बटण दाबल्या क्षणी येणारा झटका तो हाच. सिलिंडरच्या दोन नळ्या उलट जोडल्या असतील तर "मूळ जागा" म्हणजे हात पुढे फेकलेला! अशा रोबोटचं इमर्जन्सी बटण हे खरं तर फेकायचं बटण असतं. नळ्या अदलाबदल करा, म्हणजे वीज गेल्यावर हात मागे आणि खाली येईल. मागे येतानाही तो चाळीस-पंचेचाळीस किलोने येतो हे लक्षात ठेवा, बोट चेमटायला तेवढं खूप झालं.

दुहेरी वॉल्व्ह वीज गेल्यावर आहे तिथेच राहतो. त्यामुळे इमर्जन्सी दाबल्यावर सगळं शांत दिसतं. मग कुणीतरी हवा सोडतं, हात हाताने मागे ढकलतं, काम करतं आणि पुन्हा हवा भरतं. वॉल्व्ह अजून "फेक" स्थितीतच असल्यामुळे हवा येताक्षणी हात सुटतो. हा पहिला फटका नेहमीपेक्षा जोरात का बसतो तेही सांगतो. वेग कमी करणारे फ्लो कंट्रोल बहुतेक वेळा बाहेर जाणारी हवा अडवतात. रिकाम्या सिलिंडरच्या समोरच्या बाजूला अडवायला हवाच नसते, म्हणून दांडा मोकळा धावतो.

यावर उपाय दोन. एक, रेग्युलेटर शून्याजवळ आणून मगच स्लाइड वॉल्व्ह उघडायचा आणि दाब हळूहळू चढवायचा. दोन, टाकीनंतर लगेच तीन पोर्टचा, वीज गेल्यावर हवा बाहेर सोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह लावून तो इमर्जन्सीच्या वायरवर घ्यायचा. मग लाल बटण विजेबरोबर हवाही काढून टाकतं. पहिला उपाय आजपासून सुरू करा, दुसऱ्यासाठी पुढच्या महिन्यात पैसे काढा. मात्र तो बसला म्हणून हाताचा वॉल्व्ह आणि कुलूप काढून टाकायचं नाही. वॉल्व्ह अडकू शकतो.

५. बटण, रिले आणि कोड

मल्टिमीटर घ्या. इमर्जन्सी दाबून वॉल्व्हच्या कॉइलवर व्होल्टेज मोजा. १२ किंवा २४ व्होल्ट दिसले तर बहुधा वॉल्व्ह दुसऱ्या, लहान बॅटरीवर जोडलेला आहे आणि तुमचं बटण फक्त मोटरी तोडतं. हे मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलंय.

बटण उघडून मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक जागेवर घट्ट आहे का बघा. धक्क्यांनी तो डोक्यापासून सुटतो. मग बटण छान आत जातं, पण कॉन्टॅक्ट उघडतच नाही. मोटरींचा सगळा करंट थेट बटणातून नेला असेल तर कॉन्टॅक्ट चिकटलेला असू शकतो, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. बटणाने कॉन्टॅक्टर किंवा मोठा रिले चालवा आणि करंट त्यातून जाऊ द्या.

बॅटरी जोडतानाच हात सुटत असेल तर दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत. मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) वॉल्व्ह चालवत असाल तर कंट्रोलर जागा होईपर्यंत त्याचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी पिन, लोंबकळत असतं, गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. बाजारातलं साधं रिले बोर्ड असेल तर त्यातली बरीचशी शून्य व्होल्टवर चालू होतात. आर्डुइनोत पिन आउटपुट केली की ती आधी शून्यावरच येते, आणि रिले क्षणभर ओढला जातो. त्या एका क्षणात दुहेरी वॉल्व्ह उलटतो. कोडमध्ये आधी पिन हाय लिहा, मग तिला आउटपुट करा. एवढ्या एका ओळीच्या क्रमावर एखाद्याचं बोट अवलंबून असू शकतं. रिमोट तुटून पुन्हा जोडला गेला तर जुनी आज्ञा चालू राहणार नाही, आणि फेकायला दोन बटणं एकदम दाबावी लागतील, हेही कोडमध्ये घाला.

६. लॉक पिन कशाला धरते?

खटक्याला धरणारी पिन बऱ्याच रोबोटवर दिसते. खटका हलू नये म्हणून त्यात पिन, आणि हात मात्र अजून खटक्याच्याच भरवशावर. खटक्याची धार तुटली तर पिन जागेवर आणि हात समोरच्याच्या छातीत. पिनेने फिरणारा हातच फ्रेमला धरला पाहिजे, आणि तिला दोन्ही बाजूंनी आधार पाहिजे: फ्रेमची पट्टी, मध्ये हात, पुन्हा फ्रेमची पट्टी.

८ मिलिमीटरची साधी पोलादी पिन या जोरांना सहज पुरते. ती तुटत नाही, आधी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीतलं भोक लंबगोल होतं. ठोकावी लागणारी किंवा न निघणारी पिन याचंच लक्षण आहे. भोकात पोलादी बुश बसवा. पिन म्हणून बोल्ट वापरला असेल तर आटे जोराच्या रेषेत नकोत. प्लॅस्टिकची छापलेली पिन तर नकोच. थ्रीडी प्रिंटरचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात बडोद्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. पिनेच्या दुसऱ्या टोकाला आर-पिन, आणि डोक्याला हातभर लांब लाल फीत. फीत दिसली म्हणजे पिन आत आहे, हे मैदानाच्या पलीकडूनही कळतं.

ही पिन स्वतः बनवा. कानस धरायला तासभर जातो आणि भोक नीट बसलं की नाही ते हाताला कळतं. १८९० साली सयाजीराव महाराजांनी या शहरात कलाभवन काढलं ते हाताने काम शिकवायलाच, आणि अजूनही इथल्या मुलांच्या हातात ते आहे.

७. खटका

सगळ्यांत अवघड भाग शेवटी. हवा ठीक, वायरिंग ठीक, पिन काढल्यावर रोबोट उचलला की हात सुटतो: तेव्हा खटक्याची धार बघा. पकडणारा पृष्ठभाग जोराच्या दिशेला काही अंश आतल्या बाजूला झुकलेला असावा, म्हणजे जितका ताण जास्त तितका हुक आत ओढला जातो. बाहेर झुकलेला असेल तर ताणच हुक ढकलून बाहेर काढत असतो आणि फक्त घर्षणाने तो थांबलेला असतो. एक टिचकी पुरते. धारेवरून काठीचं टोक फिरवा, गोलाई आली असेल तर भंगारात टाका. कानस मारून पुन्हा धार काढू नका, कोन हमखास बिघडतो.

प्रत्येक स्प्रिंगच्या यंत्रणेला न फेकता सैल करायची वाट हवी: उलटा फिरवायचा स्क्रू किंवा विंच. नसेल तर काम सुरू करायच्या आधी तीच बनवा.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

टाकीला पोचा, गंज किंवा ओरखडा दिसला, तर हवा सोडा आणि ती टाकी पुन्हा भरू नका. कोल्ड्रिंकची बाटली असेल तर टाकून द्या. धातूची टाकी असेल तर पाण्याच्या दाबाची चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी न्या. टाकीवर स्वतः वेल्डिंग करू नका, तिला भोक पाडू नका. आग विझवायच्या जुन्या सिलिंडरची कुणी टाकी बनवून आणली असेल तर तिथे माझाही हात थांबतो.

सेफ्टी वॉल्व्ह ठरलेल्या दाबावर उडत नसेल तर त्याचा स्क्रू फिरवून जुळवू नका, नवा आणा. रोबोकॉनमध्ये हवेची मर्यादा ६०० किलोपास्कल, म्हणजे ६ बार आहे. रेग्युलेटर त्याच्यावर सरकत असेल तर तोही बदला.

खटक्यासाठी नवा हुक हवा असेल तर तो चांगल्या टर्नरकडून ईएन-८ पोलादात करून घ्या आणि धारेला कडकपणा देण्याचं काम हीट ट्रीटमेंटवाल्याला द्या.

आणि ताणलेली यंत्रणा अडकली असेल, म्हणजे पिन निघत नाही, खटका सुटत नाही, स्प्रिंग सैल करायची वाट नाही, तर कुणीही पान्हा घालू नका. हात फ्रेमला जाड दोरीने किंवा रॅचेट पट्ट्याने बांधा, खोली रिकामी करा, दाराला कुलूप लावा आणि वर्कशॉपच्या सरांना किंवा एखाद्या अनुभवी फिटरला बोलवा. त्यांना फोनवर चार गोष्टी आधी सांगा: स्प्रिंग किती आणि किती मिलिमीटर ताणलेल्या आहेत, टाकीत हवा आहे की नाही, सुटला तर हात कुठल्या दिशेला जाईल, आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे.